साडेबारा हजार किलोमीटर आणि पौडच्या पुढे

"अमेरिका काय, आता पंधरा तासांवर आली!" हे वाक्य आमच्या हिंजवडीत कँटीनच्या दर टेबलावर ऐकू येतं. ऑनसाइटला निघालेला प्रत्येकजण आईची समजूत याच वाक्याने घालतो. मीही घातली होती.

आकडा खोटा नाही. मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे अंतर साधारण १२,५०० किमी. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ आफ्रिकेवरून जाते, पण पृथ्वी गोल आहे. सगळ्यात जवळची वाट कझाकस्तान, रशिया, फिनलंड करत आइसलंडच्या बाजूने ग्रीनलंडच्या टोकाला जाते. ताशी ९०० किमीने भागा, १४ तास येतात. जाताना वारा समोरून असतो म्हणून सोळाएक तास, येताना तोच पाठीशी म्हणून पंधराच्या आसपास. त्यात आकाशालाही फाटकं असतात. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकन कंपन्यांना हद्द बंद केली, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना. वळसा पडला की तास वाढले.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. विमानाचे तास म्हणजे प्रवासाचे तास नव्हेत.

दोन वर्षांपूर्वी मी न्यू जर्सीत असताना रात्री आठला बाबांचा फोन आला. गावाकडे पहाटेचे साडेपाच. आजोबा गेले होते. बाबांनी एकच विचारलं, "किती तास लागतील रे? मातीला थांबू का?"

मी म्हणालो, "पंधरा तास."

सवयीने तोंडातून गेलं, बास. बाबांनी भावकीला रात्री नऊची वेळ कळवून टाकली.

मग तिकीट शोधायला बसलो. पुढचं विमान सकाळी अकराला, म्हणजे १५ तासांनी. हवेत १५. मुंबईत इमिग्रेशन आणि बॅगा दीड. तिथून एक्सप्रेसवे, हिंजवडी, घोटावडे, पौड आणि पुढे धरणाकडचा रस्ता, पाच. एकूण साडेछत्तीस! दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे सहा.

गावात शवपेटी नाही. परत फोन केला, "बाबा, नका थांबू." ते काही बोलले नाहीत. पुन्हा सगळ्यांना फोन करत बसले. दुपारी माती झाली. मी पोचलो तो सावडायला.

रोज रिस्पॉन्स टाइम मोजणारी माणसं आपण. सर्व्हर कितीही फास्ट असो, युजरला उत्तर कधी मिळालं तेच खरं, हे क्लायंटला ऐकवतो. घरच्यांना मात्र फक्त सर्व्हरचा आकडा सांगतो.

परदेशात जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, मी पुन्हा जाईनही. पण जाण्याआधी एकदा कागदावर दारापासून दारापर्यंतचा हिशोब मांडा आणि घरच्यांसमोर बसून मोठ्याने वाचा. "काही झालं तर मला दीड दिवस लागेल. थांबायचं की नाही, ते आत्ताच ठरवू." बोलायला जड जातं, मान्य. पहाटे साडेपाचला मात्र त्याहून जड जातं.

असो. आईला मी आता छत्तीस तास सांगतो. ती म्हणते, "बरं झालं, खरं कळलं."