आधी गेज, मग कूलर

टर्बो पेट्रोल हॅचबॅक, त्यावर रिमॅप आणि बंपरच्या जाळीतून मुद्दाम दिसेल असा ऑइल कूलर. गाडीवेड्या ग्रुपमध्ये भाव खायला एवढं पुरतं. दिसतं भारीच, प्रश्नच नाही. पण एक सांगा, तुमच्या गाडीचं ऑइल किती तापतं, हे तुम्हाला माहितीये का? नसेल, तर कूलर घेऊच नका. आधी ऑइल टेंपरेचर गेज घ्या.

डॅशबोर्डवरचा काटा बहुतेक गाड्यांत कूलंटचा असतो, ऑइलचा नाही. कूलंट ९० अंशांवर निवांत असताना ऑइल १३० च्या पुढे गेलेलं असू शकतं. उलटही होतं. हॉस्टेल ते कॉलेज या चार किलोमीटरांत ऑइल नीट तापतसुद्धा नाही. आणि त्याला तापायलाच हवं! साधारण ९० ते ११० अंशांत ते व्यवस्थित वाहतं, आत साचलेला ओलावा उडून जातो. अशा गाडीत थर्मोस्टॅटशिवाय कूलर लावलात, तर पैसे मोजून इंजिनाची झीज वाढवाल.

मग कूलर लागतो कुणाला? चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर ३.७ किलोमीटरच्या लॅप सलग मारणाऱ्याला. गेज पुन्हा पुन्हा १३० ओलांडत असेल, तर तो शौक नाही, गरज आहे.

तेव्हाही 'मोठा तेवढा चांगला' हा हिशेब चालत नाही. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट थर्मोस्टॅटवालीच घ्या. ऑइल तापेपर्यंत ती ते कूलरकडे फारसं जाऊ देत नाही. कूलरला समोरून हवा मिळायला हवी आणि मागून बाहेर पडायलाही वाट हवी. बसवल्यावर इंजिन चालवून लीक बघा, मग बंद करून ऑइलची पातळी तपासा, कारण कूलर आणि होजमध्येही ऑइल भरतं. जुन्या बाजारातला स्वस्त कूलर तर नकोच. तो फुटलेल्या इंजिनाचा असेल, तर आत अडकलेले धातूचे कण थेट तुमच्या बेअरिंगमध्ये येतील.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे होज. टायरमध्ये साधारण ३० पीएसआय हवा असते. पळत्या इंजिनात ऑइलचा दाब त्याच्या दुप्पट सहज होतो. कुठेतरी घासणारा होज घाटात फुटला, तर तुमचं इंजिन काही सेकंदांत जाईल. ते तुमचं नुकसान. पण रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवरून मागचा बाइकवाला घसरला, तर? त्याने तुमच्या मॉडिफिकेशनला होकार दिला नव्हता.

म्हणून या महिन्यात फक्त गेज बसवा. नेहमीच्या रस्त्यावर आठवडाभर गाडी चालवा आणि सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवा. तो ११० च्या आत असेल, तर कूलरचे पैसे चांगल्या टायरसाठी ठेवा.