ऑनलाइन सेलमधली ‘७४ टक्के सूट’ नेमकी कशावर मोजतात?

दसरा-दिवाळी जवळ आली की ॲमेझॉन, फ्लिपकार्टवर सेलचा धडाका सुरू होतो. ‘७० टक्के सूट’ असं ठळक अक्षरांत दिसतं आणि शेजारी बारीक अक्षरांत काट मारलेली एक किंमत असते. सूट खरी की फसवी, याचं उत्तर बहुतेक वेळा या काट मारलेल्या आकड्यात दडलेलं असतं.

हा आकडा सहसा एमआरपी, म्हणजे कमाल किरकोळ किंमत असतो. पाकीटबंद वस्तूवर ती छापणं सक्तीचं आहे आणि त्यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. पण ती किती असावी हे औषधांसारखे काही अपवाद सोडले तर सरकार ठरवत नाही, कंपनीच ठरवते. दुकानदाराने जादा पैसे उकळू नयेत म्हणून आणलेली ही मर्यादा सेलमध्ये सूट फुगवून दाखवायला कामी येते.

समजा, एका इअरफोनवर एमआरपी ४,९९९ रुपये आहे, पण वर्षभर तो १,४९९ रुपयांनाच विकला जातोय. सेलमध्ये तो १,२९९ ला आला की वेबसाइट ‘७४ टक्के सूट’ लिहिते. तुमचे खरे वाचले २०० रुपये, म्हणजे १३ टक्के. गणित दोन्हीकडे बरोबर आहे. सौदाही वाईट नाही, फक्त तो ७४ टक्क्यांचा नाही.

आधी किंमत वाढवतात का?

ही तक्रार जुनी आहे. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने पहिला ‘बिग बिलियन डे’ घेतला. साइट कोलमडली, ऑर्डर रद्द झाल्या आणि सेलच्या आधी किमती वाढवल्याचा आरोप झाला. संस्थापक सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांना ईमेल पाठवून माफी मागितली. त्यात किमती बदलल्याचाही उल्लेख होता.

युरोपीय संघाने यावर थेट नियम केला. मे २०२२ पासून तिथे सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. सूट त्याच किमतीवर मोजायची, असं तिथल्या न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आपल्याकडे असा ३० दिवसांचा नियम नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’चे १३ प्रकार निषिद्ध ठरवले. ‘फक्त २ शिल्लक’ अशी खोटी घाई त्यात येते, पण काट मारलेल्या किमतीचा प्रश्न तसाच राहतो.

खरी सूट कुठे मिळते?

जुना साठा संपवायचा असतो तिथे. नवं मॉडेल आलं की आधीचा फोन किंवा टीव्ही खरोखर स्वस्त होतो. पण त्यातली सगळी घट सेलमुळे नसते. भारतात ७९,९०० रुपयांना आलेला आयफोन १५ सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपलनेच ६९,९०० वर आणला. जुनी किंमत धरून सूट मोजली, तर त्यातले पहिले १० हजार कंपनीच्या दरकपातीचे असतात.

२०२५ मध्ये करकपातीमुळे असंच झालं. २२ सप्टेंबरपासून एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि दुसऱ्याच दिवशी मोठे सेल सुरू झाले. करापूर्वी १०० रुपयांची वस्तू १२८ ऐवजी ११८ ला, म्हणजे सुमारे ८ टक्के स्वस्त. ही घट कोपऱ्यावरच्या दुकानातही लागू होती. मोबाइलवरचा कर मात्र १८ टक्केच राहिला.

‘नो कॉस्ट ईएमआय’चंही थोडं असंच आहे. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देतो. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी येतं.

तेव्हा घ्यायची वस्तू महिनाभर आधीच विशलिस्टमध्ये टाका आणि किमतीचा स्क्रीनशॉट ठेवा. टीव्ही, फ्रीज घेताना पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून जवळच्या दुकानात भाव विचारा. एखादं अक्षर वेगळं असेल, तर मॉडेलही वेगळं असू शकतं.