शिक्का एकाचा, घाम दुसऱ्याचा

बोन चायनाच्या कपाच्या बुडाशी इंग्लंडचे नाव दिसले की ग्राहक चार पैसे जास्त मोजण्यास तयार होतो. मात्र नाव आणि निर्मितीस्थान यांची फारकत केव्हाच झाली आहे. रॉयल डौल्टन या विख्यात इंग्रज कंपनीने २००५ मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरातील आपला कारखाना बंद करून उत्पादन इंडोनेशियात नेले. नाव इंग्रजच राहिले. घडविणारे हात बदलले.

दुसऱ्याच्या नावावर माल खपविण्याची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात पहिल्यांदा आठवते ते उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. घरदार गमावलेल्या या माणसांनी पापडापासून फर्निचरपर्यंत आणि पुढे जीन्सपर्यंत अनेक धंदे शून्यातून उभे केले. आयातीवर कडक निर्बंध असण्याच्या त्या काळात परदेशी वस्तूंचे आकर्षण मोठे होते. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद तेव्हापासून रूढ आहे.

या विनोदाची किंमत मात्र थोडी नाही. कारागिराकडे कसब होते, नाव नव्हते; म्हणून त्याने नाव उसने घेतले. परिणामी नकली मालाचा ठपका साऱ्या गावावर बसला आणि चोख माल करणाऱ्यालाही पडेल भाव स्वीकारावा लागला. शेजारच्या अंबरनाथचा अनुभव याहून निराळा आहे. तेथील विमकोची काडेपेटी स्वतःच्या नावानिशी घरोघरी पोहोचली. कारखाना बंद पडला, तरी विमको नाका हे नाव अंबरनाथकरांच्या तोंडी टिकून आहे.

जर्मनीचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. परक्या मालाची ओळख ग्राहकाला पटावी म्हणून ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा केला. जर्मन मालाला कमी लेखण्याचा हेतू त्यामागे होता. प्रत्यक्षात 'मेड इन जर्मनी' हा शिक्काच काही वर्षांत दर्जाची ग्वाही ठरला.

भारतातही वेष्टनबंद मालावर उत्पादक, वेष्टक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता बंधनकारक आहे. आयात मालावर मूळ देशाचा उल्लेख १ जानेवारी २०१८ पासून, तर ऑनलाइन विक्रीत तो २०२० च्या नियमांनी आवश्यक झाला. परंतु दुकानात मोकळे मांडलेले कपाट किंवा सुटी भांडी या वेष्टनाच्या नियमांत बसत नाहीत. नेमका हाच माल लहान कारखानदार तयार करतो.

तेव्हा केवळ कायद्यावर विसंबून भागणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील लघुउद्योजकांनी आपल्या मालावर आपले आणि आपल्या गावाचे नाव घालण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. नाव घातले की दर्जाची जबाबदारी अंगावर येते, हे खरे. पण पत वाढते ती त्याच जबाबदारीतून. उसन्या नावाने माल एकदा खपतो; गिऱ्हाईक पुन्हा दारी येते ते स्वतःच्या नावाने.