एका वेगावरून रेणूंचा निवाडा नको

सोनोग्राफीचे यंत्र परळच्या केईएममधले असो की गिरगावातल्या लहानशा दवाखान्यातले, शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सरासरी १५४० मीटर असतो असे गृहीत धरूनच ते अंतरे मोजते. चरबीत हा वेग सुमारे १४५०, म्हणजे माध्यम बदलले की वेग बदलतो. नेमक्या याच गुणाचा आधार घेऊन महाविद्यालयांतले इंटरफेरोमीटर द्रवांची मिश्रणे तपासते. तळाचा स्फटिक सेकंदाला २० लाख कंपने करतो, वरचा परावर्तक मायक्रोमीटरने सरकवायचा, आणि दर अर्ध्या तरंगलांबीला, म्हणजे पाण्यात जेमतेम ०.३७ मिलिमीटरला, मीटरचा काटा उसळतो. त्यावरून वेग मिळतो. घनता हाताशी असली की द्रव किती दाबला जातो हेही कळते. २५ अंशांना पाण्यात वेग १४९७ आणि अल्कोहोलमध्ये ११४५च्या आसपास. मिश्रणाचा वेग मधला असायला हवा, पण पाण्यात थोडेच अल्कोहोल घातले तर तो १६००च्या घरात चढतो. दोन्ही मूळ द्रवांपेक्षा मिश्रण दाबायला कठीण!

इथवर निरीक्षण चोख आहे. आक्षेप पुढच्या उडीला आहे. आलेखात उंचवटा दिसला रे दिसला की ‘हायड्रोजन बंध बळकट झाले’ असा निष्कर्ष प्रबंधात उतरतो. ध्वनी फक्त दाबले जाणे मोजतो. त्यामागे बंध असतील, किंवा लहान रेणू मोठ्यांच्या फटींत बसले असतील. दुसरा साक्षीदार हवाच. महागडी उपकरणे लहान महाविद्यालयांनी आणायची कुठून, ही अडचण खरी. पण श्यानतामापक आणि घनतेची बाटली तर बहुतेक प्रयोगशाळांत असते, आणि अवरक्त वर्णपटासाठी दादरहून हाकेच्या अंतरावर, माटुंग्यात, १९३३ पासूनची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. मग हे जुने यंत्र मोडीतच का काढू नये? कारण दूध किंवा काळ्या वंगणासारख्या अपारदर्शक द्रवात प्रकाश अडतो तिथे ध्वनी पोचतो, नमुनाही शाबूत राहतो.

मात्र प्रत्येक वेगाशेजारी तापमान लिहिलेले हवे. खोलीच्या तापमानाला दर अंशामागे पाण्यातला वेग सुमारे अडीच मीटरने वाढतो, अल्कोहोलमधला तीनहून अधिक मीटरने घटतो. द्रवाचे तापमान स्थिर राखणारे पाण्याचे आवरण चालू न ठेवता सकाळी एक द्रव आणि दुपारच्या उकाड्यात दुसरा मोजला, तर सारणीत रेणूंच्या आकर्षणाच्या नावाखाली मुंबईची हवाच नोंदवली जाते.