ईयोबाचे मित्र आणि पंडिता रमाबाई

ख्रिस्ती घरात अकाली मृत्यू झाला की समाचाराला येणारा कोणी ना कोणी ‘यातही देवाची काही योजना असेल’ असे म्हणतोच. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. गप्प बसणे अवघड जाते म्हणूनही हे शब्द तोंडातून निघून जातात. हिंदू घरात अशा वेळी प्रारब्धाचा उल्लेख होतो. परंतु ज्या धर्मग्रंथाच्या आधारे ख्रिस्ती माणूस हे सांत्वन करतो, त्या ग्रंथाने अशा सांत्वनकर्त्यांची फारशी गय केलेली नाही, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

जुन्या करारातील ईयोबाची संपत्ती गेली, मुले गेली, सर्वांगावर फोड उठले. भेटीस आलेले तिघे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसून राहिले, आणि तेवढेच त्यांनी योग्य केले. पुढे त्यांनी तोंड उघडले ते देवाचा न्याय समजावून सांगण्यासाठी. शिक्षा झाली आहे, त्या अर्थी पाप घडले असलेच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. ईयोब मात्र भांडला. त्याने देवालाच जाब विचारला. त्यालाही देवाने खडसावले हे खरे. पण कोप झाला तो देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर. आपल्यावर हे संकट का आले, हे ईयोबाला शेवटपर्यंत कळले नाही. त्याने विश्वास ठेवला तो कारण न कळता. नव्या करारातही येशू जन्मांधाच्या पापाची चर्चा झटकून टाकतो, आणि त्याच्या ठायी देवाचे कार्य प्रकट व्हावे एवढे बोलून लगेच त्याच्या डोळ्यांना चिखलाचा लेप लावतो. लाजराच्या थडग्यापाशी तर तो स्वतःच रडला.

तेव्हा दुःखात देवाचा हेतू आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. तो अधिकार ज्याने सोसले त्याचा. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहणाऱ्याचा नव्हे. हा भेद आचरणात कसा उतरतो हे पाहण्यास महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही.

पंडिता रमाबाईंचे कुटुंब पुराणे सांगत देशभर तीर्थाटन करणारे. १८७०नंतरच्या दशकातील दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून रमाबाई स्वतः पुढे झाल्या. उंची कमी असल्याने तो भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरी तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून पुढे उठलेले वादळ हा निराळा विषय. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी या साऱ्या वाटचालीत ईश्वराचा हात पाहिला. तो त्यांचा अधिकार होता.

परंतु १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी तेथील उपाशी मुलींना ईश्वरी हेतूचे प्रवचन दिले नाही. आपली उपासमार आठवून त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावच्या माळावर त्यांची सोय केली, विहिरी खणल्या, शेती आणि उद्योग शिकविले. १९००च्या सुमारास ‘मुक्ती’त सुमारे दोन हजार जीव राहत होते. त्याच प्लेगच्या काळात पुण्याच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर तक्रार केली. देवावर भरवसा ठेवणाऱ्या या बाईला सरकारी अनास्था दैवी योजनेच्या खात्यावर जमा करणे मान्य नव्हते.

यावर बुद्धिवादी विचारील की, रमाबाई घडाव्यात म्हणून दुष्काळ पडला, तर त्यात मेलेल्या लाखोंचे काय? हा हिशेब आजवर कोणत्याही धर्मशास्त्राला जुळविता आलेला नाही, आणि तो जुळल्याचा आव आणणारे पुन्हा ईयोबाच्या मित्रांच्याच पंक्तीला बसतात. रमाबाईंचा विश्वास हा हिशेब जुळल्याने आलेला नव्हता.

त्याची अखेरची कसोटी २४ जुलै १९२१ रोजी लागली. ज्या मनोरमेवर संस्थेचा भार सोपवावयाचा होता, ती त्या दिवशी गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, बहिरेपण वाढले होते आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर पुरे व्हावयाचे होते. त्या ते करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो त्यानंतर.