पोटगीचा अर्ज बाळंतपणानंतर नव्हे, आजच

सुदुंबऱ्याहून जवळच असलेल्या देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या मूर्तीपुढे मस्तक नमविणाऱ्या मावळातील बौद्ध कुटुंबांस आज आम्ही एक कटू प्रश्न विचारू इच्छितो. नवऱ्याच्या मारहाणीने त्रस्त झालेली गरोदर लेक माहेरी आली, तर आपण तिला काय सांगतो? “पहिलटकरीण आहेस, बाळंतपण होऊ दे, मूल पाहून जावई सुधारेल, मग बघू.” हा सल्ला मायेचा असतो, परंतु तो तिला आपल्या हक्कावर पाणी सोडावयास लावणारा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मक्रांती झाली, तेथीलच कुटुंब न्यायालयातील एक प्रकरण पाहा. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये, एका पत्नीने सासर सोडले. पोटगीचा अर्ज केला तो २ सप्टेंबर २०१३ रोजी. न्यायालयाने २०१५ साली तिला दरमहा १५,००० रुपये आणि मुलास आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली. परंतु ती १ सप्टेंबर २०१३ पासून. त्यापूर्वीचे महिने हिशेबात आले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी तो आदेश कायम केला व पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असा दंडक सर्व देशासाठी घालून दिला. अर्थ उघड आहे. जितके दिवस आपण लेकीस थांबवितो, तितक्या दिवसांची भाकर आपणच तिच्या ताटातून काढून घेतो.

कित्येकांस वाटते, हिंदू धर्म सोडला, तेव्हा हिंदू विवाह कायदा आपणांस लागू नाही. हा गैरसमज होय. १९५५ च्या त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. क्रूर वागणूक हे घटस्फोटाचे कारण आहे आणि गरोदरपण त्यास आड येत नाही. विवाहास वर्ष झाले नसेल तर घटस्फोटाच्या अर्जास न्यायालयाची विशेष परवानगी लागते. पण पोटगीस अशी अट नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा यांखाली ती आजच अर्ज करू शकते. हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, राहण्याची सोय व औषधोपचाराचा खर्चही मागता येतो. त्यासाठी सासरच्या गावी जाण्याचे कारण नाही. ती जेथे राहते तेथील न्यायालय, म्हणजे मावळच्या माहेरवाशिणीस वडगावचे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात नोंद करून कागद जपून ठेवावा, हे निक्षून सांगणे आहे.

याहून घातक आहे ती पंचांची सोडचिठ्ठी. चार माणसे बसतात, मुद्रांकावर “पोटगी नको” असे लिहून मुलीची सही वा अंगठा घेतात. रूढीचा घटस्फोट कायदा मानतो, तो ती रूढी पुराव्याने सिद्ध झाली तरच. आणि जन्मास येणाऱ्या बालकाचा पोटगीचा हक्क कोणतीही आई सही करून सोडू शकत नाही. जुन्या जातीच्या रूढी दीक्षेबरोबर सोडल्या असे आपण म्हणतो, मग हीच एक का कवटाळावी?

सहनशीलता हा धम्म आहे, असे सांगून मुलीस परत धाडणाऱ्यांनी सिगालोवाद सुत्त वाचावे. तेथे भगवंतांनी पतीस पाच कर्तव्ये घालून दिली आहेत; पत्नीचा सन्मान करणे आणि अवमान न करणे ही त्यांतील पहिली होत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेसाठी आवाज उठविला आणि हिंदू कोड बिल रखडल्यावर १९५१ साली मंत्रिपद सोडले. स्त्रीच्या हक्कासाठी त्यांनी खुर्ची सोडली. आपण चार लोकांचे बोलणे सोसू शकत नाही काय?

म्हणून प्रत्येक विहाराच्या कार्यकर्त्यांस आमची विनंती आहे. अशी भगिनी दारी आली तर तिला उपदेश करू नका. दुसऱ्याच दिवशी तिच्यासोबत वडगावला जा आणि अर्जावर तारीख पडल्याशिवाय परतू नका.