कोरं म्हणजे शून्य नव्हे!

आमच्या शिरवण्याच्या घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला मी पाऊस मोजून वहीत लिहितो. गेल्या वर्षी आषाढीला पंढरपूरला गेलो, तेव्हा सहा दिवस वही कोरी राहिली. नातीने वर्षभराच्या नोंदींचं संगणकावर रंगीत चित्र काढून दिलं. बारा ओळी, एकतीस रकाने, जितका पाऊस तितका गडद निळा. सुंदरच! पण ते सहा दिवस पांढरेफटक, जानेवारीसारखे. म्हणजे ऐन जुलैत नवी मुंबईत कोरडा आठवडा!

"आजोबा, ही विरळ सारणी आहे. यात फक्त शून्य नसलेल्या संख्या साठवतात. जे लिहिलं नाही ते शून्य, जागा वाचते," ती म्हणाली.

माझं भांडण इथेच आहे. या सारणीत कोरेपण तीन प्रकारचं आहे. जानेवारीत पाऊस पडला नाही, ते खरं शून्य. आषाढीला मी मोजला नाही, ते अज्ञान. आणि ३१ फेब्रुवारी, तो तर दिवसच नाही! १२ गुणिले ३१ म्हणजे ३७२ घरं, साध्या वर्षाचे दिवस ३६५; सात घरं मुळातच खोटी. तिघांना एकच रंग देणं हा शुद्ध खोटेपणा आहे. हजेरीपटावर हजेरी घ्यायची राहिली म्हणून कुणी अख्ख्या वर्गाला गैरहजर धरतं का?

ही क्षुल्लक गोष्ट नाही, मंडळी. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. त्या दिवशी सांताक्रूझची नोंद राहिली असती आणि तिथे कुणी शून्य रंगवलं असतं, तर चित्रातली मुंबई कोरडी दिसली असती.

उपाय अवघड नाही. मॅटप्लॉटलिबमध्ये नसलेल्या नोंदीला 'नॅन', म्हणजे 'ही संख्याच नव्हे', असं लिहिता येतं आणि तिला वेगळा रंगही देता येतो. आम्ही करडा दिला, खाली लिहिलं : 'करडा - नोंद नाही'. सारणी फार मोठी असेल, तर न मोजलेल्या जागांची वेगळी यादी ठेवा. जागा वाचवायला सत्य कशाला खर्चायचं?

दुसरा हट्ट. एकही नोंद नसलेला महिना दिला की तिचा प्रोग्राम चूक दाखवून थांबे. रंगपट्टीसाठी तो सर्वांत मोठी संख्या शोधतो, आणि संख्याच नाहीत! मग आधी तपासावं, आणि नाव-तारखांसह रिकामी चौकट काढून 'नोंद नाही' म्हणावं. उत्तरपत्रिका कोरी असली तरी तिच्यावर नाव असतंच की.

'माहीत नाही' म्हणायला माणसं लाजतात. यंत्राला तरी आपण ते शिकवू या.

असो. नवं चित्र भिंतीवर लावलंय. सहा करडी घरं बघितली की पंढरपूर आठवतं. तुमच्या तक्त्यांत कोऱ्या जागांचं काय करता, जरूर कळवा.